बडोद्याच्या रस्त्यांवर टीव्हीएस रोनिन : रुंद टायरची, नवशिक्याला सांभाळून घेणारी मोटारसायकल

ज्यांनी वर्षानुवर्षे बिनगिअरची स्कूटर चालवली आणि आता गिअरची मोटारसायकल घ्यावी असे ज्यांच्या मनात आले आहे, त्यांच्यापुढे दुकानात बहुधा दोन टोके ठेवली जातात. एकीकडे शंभर-सव्वाशे सीसीच्या, अरुंद टायरच्या, अॅव्हरेजसाठी घेतल्या जाणाऱ्या गाड्या, आणि दुसरीकडे नुसत्या पाहूनच पोटात गोळा यावा अशा वजनदार गाड्या. टीव्हीएसची रोनिन या दोहोंच्या मधली आहे. मी दांडिया बाजारात राहते, कामासाठी रोज अकोट्याचा पूल ओलांडून अलकापुरीकडे जाते, आणि कॉलेजपासून स्कूटरखेरीज दुसरे वाहन मी चालवलेले नव्हते. बडोद्याचा उन्हाळा, पावसाळा आणि जानेवारीतले पतंगांचे उत्तरायण या तिन्हींतून ही गाडी काढल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण तिच्यावर जे लिहिले जाते ते बहुतेक सराईत चालवणाऱ्यांनी लिहिलेले असते, आणि नवशिक्याला पडणारे प्रश्न त्यांना पडतच नाहीत.

ही गाडी जुलै २०२२ मध्ये बाजारात आली. इंजिन एकाच सिलिंडरचे, २२५.९ सीसीचे, हवा आणि ऑइल यांनी थंड राहणारे आहे. ताकद २०.४ पीएस आहे आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १९.९३ न्यूटन मीटर. या आकड्यांपैकी नवशिक्याने टॉर्ककडे पाहावे, आणि त्यातही तो इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो हे पाहावे. रोनिनचा सर्वाधिक टॉर्क मिनिटाला ३,७५० फेऱ्यांवरच मिळतो, म्हणजे इंजिन फार ओरडू न देता, हळू चालतानाच गाडीत जीव असतो. चुकून दुसऱ्याच्या जागी तिसरा गिअर पडला, तरी ती आचके देत बंद पडत नाही, जराशी कुरकुरून पुढे सरकते. शिकणाऱ्याचा अर्धा घाम याच क्षणी फुटतो, त्यामुळे हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

आता टायरविषयी. रोनिनचे पुढचे टायर ११०/७०-१७ आणि मागचे १३०/७०-१७ मापाचे आहे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते सांगतो, आणि शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे मागचे टायर १३० मिलिमीटर रुंद आणि त्याची भिंत ९१ मिलिमीटर उंच. आपल्याकडे घरोघरी असलेल्या स्प्लेंडरचे टायर ८०/१००-१८ आहे, अॅक्टिव्हाचे मागचे ९०/१००-१०. हे माप शेजारी शेजारी ठेवले की फरक लक्षात येतो. रुंदीमुळे रस्त्यावरील पकड आपोआप दुप्पट होते, असा एक समज आहे, पण तो तितकासा खरा नाही. टायरचा जमिनीला टेकलेला ठसा किती मोठा, हे मुख्यतः गाडीचे वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरते. रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. नवशिक्याला फायदा होतो तो वेगळ्या कारणाने. आत मावणाऱ्या जास्त हवेमुळे धक्का हँडलपर्यंत येता येता पुष्कळ विरतो, आणि अरुंद चाक जिथे फटीत उतरते तिथे रुंद चाक फटीवरून निघून जाते.

बडोद्यात या फटींना तोटा नाही. गॅसच्या आणि ड्रेनेजच्या पाइपांसाठी रस्ता खोदायचा, चर मातीने बुजवायचा आणि वरून डांबराची पट्टी ओढायची, ही इथली नित्याची गोष्ट आहे. पहिल्या पावसात ती पट्टी बसते आणि रस्त्याच्या लांबीला समांतर अशी एक खोबण तयार होते. स्कूटरचे पुढचे चाक अशा खोबणीत गेले की हँडल स्वतःहून वळू लागते आणि बाहेर काढताना गाडी डोलते. रोनिनचे ११० मिलिमीटरचे चाक त्याच जागी खोबणीच्या दोन्ही कडांवर टेकून पुढे जाते. हँडलला हलकासा झटका जाणवतो, परंतु दिशा बदलत नाही. सिंधरोटला महीच्या काठी वाळूचा पातळ थर रस्त्यावर आलेला असतो, तिथेही हाच अनुभव येतो. मात्र हा रस्त्यावरचा थर झाला. प्रत्यक्ष नदीपात्रातल्या मऊ वाळूत ही गाडी नेऊ नये, तिचे वजन आणि टायरची नक्षी ही दोन्ही रस्त्यासाठी बेतलेली आहेत.

हे सगळे सुख हवेच्या दाबावर अवलंबून आहे, आणि इथे मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. एका पेट्रोलपंपावर हवा भरणाऱ्या मुलाने, टायर मोठे आहे म्हणून हवाही जास्त लागेल अशा समजुतीने, दोन्ही टायर टणक होईपर्यंत भरले. तिथून निघाल्यावर ही आपलीच गाडी आहे का, असा प्रश्न पडावा इतकी ती बदलली होती. बारीक खडीवर मागचे चाक उड्या मारू लागले आणि ब्रेक लावताच रबर घसरल्यासारखे वाटू लागले. रावपुऱ्यातल्या पंक्चरवाल्या काकांकडे गाडी नेली, तेव्हा त्यांनी यंत्र लावण्याआधी नुसता अंगठा टायरच्या भिंतीवर दाबला आणि म्हणाले, "बेन, हवा तो बहु वधारे छे," म्हणजे ताई, हवा फारच जास्त आहे. मग व्हॉल्व्हच्या तोंडाशी खिळ्याचे टोक धरून थोडी हवा सोडली, मीटर लावला, पुन्हा थोडी सोडली, आणि पुस्तिकेतल्या आकड्यावर आणून थांबले. दाबाचा योग्य आकडा पुस्तिकेत असतोच. एकट्याने जाताना आणि मागे माणूस असताना तो वेगवेगळा असतो, आणि मोजणी टायर थंड असताना करायची असते, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. स्वतःचा लहान मीटर विकत घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. पंपावरच्या यंत्रांच्या आकड्यांत एकवाक्यता नसते, आणि रुंद टायर थोडी हवा कमी झाली तरी दिसायला भरलेलेच दिसते, त्यामुळे नजरेवर विसंबणे धोक्याचे ठरते.

टायर ट्यूबलेस असल्याने खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, गाडी सावकाश कडेला घेता येते. पंक्चर काढताना बाहेरून भोकात दोरी खुपसून भागवण्यापेक्षा टायर उतरवून आतून मशरूम प्लग, म्हणजे छत्रीसारख्या आकाराचे रबरी बूच, बसवून घेतलेला बरा. पैसे थोडे जास्त पडतात, पण पुन्हा हवा झिरपत नाही.

शहरातल्या गर्दीत या गाडीची खरी परीक्षा होते. मांडवीच्या दरवाजापासून न्यायमंदिराकडे संध्याकाळी जायचे म्हणजे पायी चालणाऱ्याच्या वेगाने जायचे. रिक्षा, हातगाड्या, मंगळ बाजारातून पिशव्या घेऊन बाहेर पडणारी माणसे आणि मधोमध निवांत उभी असलेली गाय, या सर्वांच्या मधून गिअरची गाडी काढताना नवशिक्याचा डावा हात क्लचवर अखंड आवळलेला असतो. रोनिनमध्ये कंपनीने ग्लाइड थ्रू टेक्नॉलॉजी नावाची सोय दिली आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू पूर्ण सोडला आणि अॅक्सिलरेटरला हातही लावला नाही, तरी इंजिनाचा संगणक फेऱ्या सांभाळतो आणि गाडी आपली आपण संथ गतीने पुढे सरकत राहते. क्लच मुळातच हलका आहे, त्यात स्लिपर आणि असिस्ट अशी दुहेरी व्यवस्था आहे, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो आणि खालचा गिअर घाईने पडला तरी मागचे चाक आवळले जात नाही. माझ्या मते नवशिक्यासाठी ही सोय टायरहून अधिक कामाची आहे. तिने हाफ क्लचची, म्हणजे क्लच अर्धवट दाबून चालवण्याची, सवय लागत नाही, आणि हाफ क्लचवर चालवण्याची सवय लागली की क्लचप्लेटचा खर्च लवकर दाराशी येतो. सेल्फ मारतानाही खरखर होत नाही, इंजिन जवळजवळ निःशब्द सुरू होते, हे पोळांतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांतल्या, सकाळी शेजाऱ्यांनाही बरे वाटते.

पोळांतल्या अडचणी मात्र वेगळ्या आहेत. गाडीचे हँडल रुंद आहे. उघड्या रस्त्यावर ते फार सोयीचे पडते, खांदे मोकळे राहतात आणि वळवायला जोर लागत नाही, पण दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या गल्लीत तेच हँडल कुणाच्या तरी आरशाला लागते. दुसरे म्हणजे वजन. अॅक्टिव्हा १०६ किलोंची, रोनिन जवळजवळ १६० किलोंची. चालू गाडीवर हा फरक जाणवत नाही, बंद गाडी मागे ढकलताना तो पुरता जाणवतो. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी पुन्हा वर ओढणे एकटीला जड जाते, म्हणून लावतानाच ती तोंड बाहेर करून लावावी. सीटची उंची ७९५ मिलिमीटर आहे, अॅक्टिव्हाहून सुमारे ३० मिलिमीटर अधिक, पण सीट पुढे निमुळते असल्याने माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या बाईचेही दोन्ही पाय टेकतात, टाचा किंचित उचललेल्या राहतात इतकेच. टेस्ट राइड घेणाऱ्यांनी मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नये. गाडी बंद करून ती मागे ढकलून पाहावी, स्टँडवरून उचलून पाहावी आणि अरुंद जागेत पूर्ण वळवून पाहावी.

वळवण्यावरून आणखी एक गोष्ट. रुंद टायरची गाडी वळणात झुकवायला अरुंद टायरच्या गाडीपेक्षा थोडा अधिक जोर आणि थोडा अधिक झोक लागतो, कारण गाडी झुकली की जमिनीला टेकणारा बिंदू टायरच्या मध्यापासून आतल्या कडेकडे सरकतो. स्कूटरवरून आलेल्या माणसाला सुरुवातीला गाडी वळायला नाखूष आहे असे वाटते. काला घोडा सर्कलला वळसा घालताना नजर जिथे जायचे तिथे ठेवली, आतल्या बाजूचे हँडल हळूच पुढे दाबले, की ती सहज वळते. हा सराव कमाटी बागेच्या बाजूच्या रस्त्यावर भल्या सकाळी करण्यासारखा आहे.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण जाड टायर पाहून पाण्याची भीती मोडते आणि ती मोडू नये. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते, म्हणून पाण्याच्या थरावर तरंगण्याचा धोका त्याला अरुंद टायरपेक्षा कमी नसतो, उलट थोडा जास्तच असतो. मोटारसायकलच्या टायरचा गोल घेर आणि शहरातला कमी वेग यांमुळे आपण बहुतेक वेळा वाचतो. ओल्या झेब्रापट्ट्यांवर आणि ड्रेनेजच्या लोखंडी झाकणांवर कुठलेच टायर जादू करत नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, पाणी भरले की रोनिनचा १८१ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या बुडाची जमिनीपासूनची उंची, पाहून आत शिरण्याचा मोह होतो, पण पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि इंजिनात पाणी गेले तर टायर काय करणार? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आला, तेव्हा शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून पाहण्याची घाई करू नये. ती ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी आणि ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग तपासल्यावरच सुरू करावी. पावसातल्या ब्रेकसाठी मात्र वरच्या मॉडेलमध्ये चांगली सोय आहे. एबीएसला, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणाऱ्या व्यवस्थेला, रेन आणि अर्बन असे दोन मोड आहेत, आणि निसरड्या रस्त्यावर रेन मोडमध्ये तो लवकर आणि हळुवार हस्तक्षेप करतो.

आई मागे बसते तेव्हा ती एका बाजूला पाय सोडून बसते, लुगडे नेसलेली असते आणि तिचा हात माझ्या खांद्यावर असतो. अशा बसण्याने वजन एका अंगाला जाते. स्कूटरवर मला सतत दुसऱ्या अंगाला तोल द्यावा लागे. या गाडीचा लांब व्हीलबेस (दोन चाकांमधले अंतर), एकसंध सीट आणि रुंद चाके यांमुळे तो ताण बराच कमी झाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायदान आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी असावीच लागते. काही हौशी मंडळी गाडी घेतल्याबरोबर ही जाळी काढून टाकतात, कारण तिच्यामुळे मागचे जाड टायर झाकले जाते. पदर आणि ओढणी असलेल्या घरात हे कधीही करू नये. आईची तक्रार एकच आहे. चढायला उंच पडते, म्हणून आम्ही ओट्याच्या पायरीशी गाडी लावतो.

बडोद्यात दुचाकी चालवणाऱ्याला जानेवारीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. उत्तरायणाच्या आधीपासून तुटलेल्या पतंगांचा दोरा रस्त्यावर आडवा येतो आणि गळ्याला लागून जीवावर बेतते. त्यासाठी हँडलवर उलट्या यू आकाराची लोखंडी तार बसवून घेतात, ती त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला जागोजागी विकायला असते. स्कूटरच्या मापाची तार रोनिनच्या रुंद हँडलवर नीट बसत नाही, तारेचे पाय अपुरे पडतात आणि धक्क्याने ती पुढे कलते. रुंद मापाची तार मागून घ्यावी, आरशांच्या बुडाशी घट्ट आवळावी आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कुठे अडत नाही ना ते पाहावे. शिवाय गळ्याला मफलर आणि पुऱ्या तोंडाचे हेल्मेट हवेच.

शहराबाहेर ही गाडी ८० किलोमीटरच्या आसपास अतिशय सुखात चालते. गिअर पाचच असल्याने त्यापुढे इंजिनाचा आवाज वाढत जातो, आणि सरळ बसण्याच्या पद्धतीमुळे वारा थेट छातीवर येतो. अहमदाबाद-बडोदा एक्स्प्रेसवेवर दुचाकींना मनाईच आहे, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने जुना राष्ट्रीय महामार्ग धरावा. मला अधिक आवडतो तो हालोलमार्गे पावागडचा रस्ता. अंतर सुमारे ५० किलोमीटर, पुढे चांपानेरच्या तटाजवळून माचीपर्यंत घाट. त्या घाटात चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन न थकता ओढते आणि उतारावर इंजिनाचाच ब्रेक लावत खाली येता येते. स्कूटरवर उतरताना ब्रेक तापल्याचा वास येई, तो इथे येत नाही. पेट्रोलची टाकी १४ लिटरची आहे, ती एकदा भरली की आठवडाभर पंपाकडे पाहावे लागत नाही. अॅव्हरेज गर्दीत चाळिशीच्या खाली जाते, हे स्प्लेंडरच्या घरातून येणाऱ्यांनी आधीच मनाशी धरावे.

घेण्यापूर्वी आपल्या लायसन्सवरचा प्रकार वाचून घ्यावा. अनेक स्कूटरचालकांकडे, विशेषतः बायकांकडे, बिनगिअरच्या दुचाकीचेच लायसन्स असते आणि त्यावर ही गाडी चालवता येत नाही. एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटारसायकल, हा प्रकार वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी आधी लर्निंग लायसन्स काढावे लागते, ते सहा महिने चालते आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. अपघात झाल्यावर विमा कंपनी हाच कागद आधी मागते.

स्कूटरला नसलेले एक काम इथे गळ्यात पडते, ते साखळीचे. दर ५०० किलोमीटरच्या सुमारास, आणि पावसात त्याहून लवकर, साखळी पुसून तिला ल्युब द्यावे लागते. ते टाळले तर गाडी खडखडते आणि गिअरही नीट पडत नाहीत. मॉडेल निवडताना रंगापेक्षा एबीएसकडे पाहावे. दोन्ही चाकांवर एबीएस असलेले मॉडेल घ्यावे, नवशिक्याचा उजवा पाय घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबतो आणि त्या वेळी मागच्या एबीएसचे मोल कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या किमती ऐकून मन मागे घेण्याचे कारण नाही. वरचे मॉडेल त्यामुळे आवाक्यात येते.

टायर आणखी रुंद करून घेण्याविषयी मला वरचेवर विचारले जाते, कारण शहरात सव्वाशे सीसीच्या गाड्यांनाही जाड टायर चढवून देणारी दुकाने आहेत. यामाहाची टीडब्ल्यू २०० ही १९८७ पासून अमेरिकेत विकली जाणारी गाडी अशा हौसेचा आदर्श मानली जाते. तिचे मागचे टायर तब्बल १८० मिलिमीटर रुंद आहे. पण ते १४ इंचांच्या रिमवर बसते, आणि वाळूत व शेतात कमी दाबावर चालावे म्हणून चौकटीपासून सगळी गाडी त्याभोवती रचलेली आहे, सव्वाशे किलोंच्या आसपास वजन आणि १९६ सीसीचे साधे इंजिन धरून. आपल्या गाडीचे रिम तेवढेच ठेवून त्यावर रुंद टायर चढवले, तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, घेर टोकदार होतो आणि वळणात जिथे रबर टेकायला हवे तिथे ते टेकत नाही. टायर साखळीला घासण्याची भीती, खालावलेले अॅव्हरेज आणि चुकीचा वेग दाखवणारा स्पीडोमीटर हे वेगळेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ नोंदीत बदल करण्यास मनाई आहे, तेही ध्यानात असावे. माझ्या मागच्या टायरच्या खाचांत झीज दाखवणाऱ्या उंचवट्यांपर्यंत रबर येऊ लागले आहे. दुकानदाराने १५० मिलिमीटरचे बसवून देतो म्हटले, मी १३०/७०-१७ च मागवले आहे, आणि आले की भिंतीवर छापलेले चार आकडे, म्हणजे कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी ते बनले, हे वाचूनच बसवून घेणार आहे.